नऊ वर्षांचा खंड आणि अकरा महिन्यांचे प्रशिक्षण: सातपूरमधील एक प्रकरण

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली उमेदवार महिला, वय ३३, राहणार श्रमिकनगर, सातपूर, नाशिक. शिक्षण बी.ए. आणि एमएस-सीआयटी. माहेर धुळे जिल्ह्यातले. लग्नाआधी तिकडे एका खासगी शिकवणीवर्गात दोन वर्षे काम केले. पगार रोख मिळायचा, पीएफ नव्हता. २०१५ नंतर कुठेही नोकरी नाही. पती अंबडला कंत्राटी कामगार, मुले आठ आणि पाच वर्षांची. कागदावर नऊ वर्षे बेरोजगार असल्या तरी त्या रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. साड्यांना फॉल-पिको आणि गल्लीतल्या चार मुलांची शिकवणी यातून महिन्याला दीड-दोन हजार रुपये यायचे. नाशिकमध्ये दीर्घकाळ बेरोजगार म्हणून नोंद असलेली बहुतेक माणसे अशीच असतात. त्यांच्याकडे काम असते, पण त्या कामाचा कागद नसतो.

हे प्रकरण वारंवार दिसणाऱ्या परिस्थितींवरून जुळवले आहे. घरखर्च, पगार आणि कामगारसंख्या यांचे आकडे मांडणीसाठी घेतले आहेत. योजनांचे नियम आणि दर जसे आहेत तसे दिले आहेत.

योजना काय देते

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय ९ जुलै २०२४ चा आहे. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचे अधिवासी, शिक्षण चालू नसलेले उमेदवार पात्र. दरमहा विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० रुपये, पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये. पैसे सरकारकडून थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतात. मुदत सुरुवातीला सहा महिने होती, मार्च २०२५ मध्ये ती अकरा महिने झाली. लाभ एकदाच घेता येतो. खासगी आस्थापनेत किमान २० माणसे कामाला हवीत. उत्पादन उद्योगाला मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के आणि शासकीय कार्यालयाला मंजूर पदांच्या ५ टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात.

यातली एक गोष्ट सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. विद्यावेतन शिक्षणावर ठरते, कामावर नाही. पदवीधर बाईला तालुक्याच्या कार्यालयात टेबलाशी बसूनही १०,००० आणि सातपूर एमआयडीसीतल्या प्रेस शॉपच्या (यंत्राने पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्याच्या) स्टोअरमध्ये दिवसभर उभे राहूनही १०,०००. मग माणूस कार्यालयच निवडणार. या उमेदवारासमोरही हेच दोन पर्याय होते, आणि घरच्यांचे मत कार्यालयाच्या बाजूने होते: घराजवळ, सुट्ट्या भरपूर, "सरकारी" असा शब्द.

उमेदवाराला सल्ला देणाऱ्या आमचे मत उलट होते आणि आजही आहे. शासकीय पद भरले जाते ते जाहिरात, परीक्षा आणि आरक्षण या मार्गानेच. तिथे अकरा महिने फायली लावल्याने त्या पदावर हक्क तयार होत नाही. २०२५ मध्ये मुदत संपलेल्या प्रशिक्षणार्थ्यांनी कायम करा या मागणीसाठी राज्यात ठिकठिकाणी आंदोलने केली. त्यांची चीड समजण्यासारखी आहे, कारण काम त्यांनी केलेच होते. पण योजनेत नोकरीची हमी पहिल्या दिवसापासून नव्हती. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला कार्यालयातला अनुभव चालून जातो. तेहतीस वर्षांच्या बाईकडे मात्र पस्तिशीच्या आत ही एकच संधी असते, आणि ती जिथे पुढे जागा निघू शकते अशाच ठिकाणी वापरली पाहिजे.

ठिकाण कसे निवडले

महास्वयं पोर्टलवर नोंदणी केली की जिल्ह्यातल्या आस्थापनांनी टाकलेल्या जागा दिसतात. अर्ज करणे सोपे आहे, म्हणून लोक दिसेल तिथे अर्ज टाकतात. या प्रकरणात अर्जाआधी तीन कारखान्यांच्या गेटवर जाऊन चौकशी केली. विचारायच्या गोष्टी मोजक्याच. प्रशिक्षणार्थी नेमका कोणाच्या हाताखाली बसणार? त्या विभागात गेल्या दोन वर्षांत नवीन माणूस घेतला का? हजेरी पोर्टलवर कोण भरतो? महिलांसाठी स्वच्छतागृह आणि जनरल शिफ्ट आहे का? पहिल्या दोन ठिकाणी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर "बघू, कुठेतरी बसवू" असे आले. असे उत्तर आले तर तिथे जाऊ नये. पैसा सरकारचा असल्याने मालकाला काही लागत नाही, आणि जे फुकट मिळते त्याच्यासाठी कोणी आधी काम ठरवून ठेवत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे वाहन आणि स्विचगिअरसाठी पत्र्याचे सुटे भाग करणारा, ६४ माणसांचा कारखाना. दहा टक्क्यांच्या हिशेबाने सहा प्रशिक्षणार्थी. स्टोअर इनचार्जना इनवर्डच्या, म्हणजे आत येणाऱ्या मालाच्या, नोंदी करायला माणूस हवाच होता. तिथे अर्ज केला.

कागदपत्रांतली अडचण

पदवी प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. लग्न झालेल्या जवळपास प्रत्येक महिलेच्या अर्जात हा तिढा असतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर प्रशिक्षणासाठी भागले. पण पुढे पीएफचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक) आधारवरच्या नावानेच निघतो, त्यामुळे यापुढचा प्रत्येक कागद आधारप्रमाणेच करायचा असे तेव्हाच ठरवले. राजपत्रात नावबदलही करून घेतला. तो लगेच लागला नसता, पण घाईच्या वेळी तो मिळत नाही.

अधिवास प्रमाणपत्रासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि वास्तव्याचे पुरावे लागतात. आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज केल्यावर पंधरा-वीस दिवस हाताशी ठेवावेत. रुजू होण्याची तारीख ठरल्यावर धावाधाव करणारे इथेच अडकतात.

खरा घोळ बँकेचा. उमेदवाराने अर्जात राष्ट्रीयीकृत बँकेचे खाते दिले होते. पासबुकावर आधार क्रमांकही होता, म्हणजे खाते आधारशी जोडलेले आहे असेच सगळे समजून होते. पण आधारवरून होणारे थेट हस्तांतरण अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. ते एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या आधारला शेवटी जी बँक जोडली असेल तिकडे जाते. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी हजारो महिलांनी पोस्ट पेमेंट्स बँकेत झटपट खाती उघडली, आणि त्या वेळी नोंद तिकडे वळली. या उमेदवाराचेही तेच झाले होते. विद्यावेतन "जमा" दाखवत होते आणि पासबुकात काहीच नव्हते. पैसे पोस्टाच्या खात्यात पडून होते.

उपाय साधा आहे. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे त्याची, स्थिती पाहायची, कोणती बँक दिसते ते लिहून ठेवायचे, आणि तेच खाते सुरू ठेवायचे. बँक बदलायचीच असेल तर नव्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्यायचा आणि स्थिती बदललेली दिसेपर्यंत जुने खाते बंद करायचे नाही. एकाच वेळी दोन योजनांचे पैसे येत असतील तर नोंद मध्येच हलवल्याने दोन्हींचा गोंधळ होतो. इथे काही न बदलता पोस्टाचे खातेच चालू ठेवले.

घरचा हिशेब

१०,००० रुपयांतून बस आणि शेअर रिक्षाला दिवसाला ४० प्रमाणे पंचवीस दिवसांचे १,०००. धाकट्याला शाळेनंतर शेजारच्या काकूंकडे ठेवायचे २,०००. फॉल-पिकोचे दीड हजार बुडाले. म्हणजे घरात खरी भर पडली साडेपाच हजारांची. शिवाय विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला येईलच असे धरता येत नाही. ते रखडल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. दोन महिने उशीर झाला तर बस आणि काकूंचे मिळून ६,००० रुपये आधी खिशातून जातात. प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी एवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी, असे प्रत्येक उमेदवाराला सांगावे लागते. जे मध्येच सोडतात त्यांच्यापैकी अनेकांना काम आवडलेले असते, फक्त दुसऱ्या महिन्याचे गाडीभाडे नसते.

हजेरीचा नियम कडक आहे. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजेरी झाली तर त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही. पहिल्याच महिन्यात सोडले तर काहीच मिळत नाही. मुलांच्या परीक्षा, दिवाळी आणि माहेरचे लग्न एकाच महिन्यात आले की दहा दिवस सहज भरतात. पोर्टलवरची हजेरी आस्थापना भरते, तेव्हा आपली हजेरी आपल्या वहीतही लिहावी आणि महिनाअखेरीस मनुष्यबळ विभागाच्या माणसासमोर ताळा करावा.

अपघाताचा प्रश्न

याकडे फार कमी लोक बघतात. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा, कामगार नुकसान भरपाई हे कायदे प्रशिक्षणार्थ्यांना लागू राहणार नाहीत, असे शासन निर्णयातच म्हटले आहे. प्रेस शॉपमध्ये बोटे जाण्याचा धोका रोजचा आहे. त्यामुळे रुजू होतानाच दोन गोष्टी लेखी मागितल्या: प्रशिक्षणार्थीला कोणत्याही प्रेसवर उभे करणार नाही, आणि कारखान्याच्या समूह अपघात विम्यात तिचे नाव घालावे. पहिली लगेच मान्य झाली, दुसरीला महिना लागला. दरम्यान बँकेतून वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सुरू केली. तिच्या मर्यादा ठाऊक हव्यात. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास १ लाख मिळतात. एखादे बोट गेले तर काहीही मिळत नाही. म्हणून पहिली अट जास्त महत्त्वाची.

काम कसे मिळत गेले

पहिले पाच आठवडे झेरॉक्स, चलने लावणे, फोन घेणे. यात आश्चर्य काही नाही. नवख्या माणसाला स्टोअर लगेच कोणी उघडून देत नाही. पण दुसऱ्या महिन्याअखेर हेच चालू असेल तर अकरा महिने हेच चालते. म्हणून एका कागदावर महिनावार काम मांडून दिले. दुसऱ्या महिन्यात इनवर्ड नोंद, चौथ्यात मोजणी आणि बिन कार्ड (रॅकवरच्या मालाची नोंदपट्टी), सहाव्यात जॉबवर्कचा (बाहेरून करून घेतलेल्या कामाचा) हिशेब, आठव्यात महिनाअखेरची स्टॉक तपासणी. स्टोअर इनचार्जनी त्यावर सही केली. अशी सही बंधनकारक नसते, पण एकदा केली की माणूस तिला जागतो.

इनवर्ड म्हणजे काय ते नीट पाहू. गाडी आली की गेट एंट्री, मग चलन आणि बिल परचेस ऑर्डरशी जुळवायचे. मालाचा कोड, नग, दर यांपैकी काही जुळत नसेल तर गाडी सोडायची नाही. त्यानंतर मोजणी, मग जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मालावर पिवळा टॅग. तपासणीत पास झाला की हिरवा, नापास झाला की लाल. हिरवा टॅग लागल्याशिवाय माल रॅकवर जात नाही. यात चूक होते ती बहुतेकदा मोजणीच्या पायरीवर.

पत्र्याचे छोटे भाग हाताने मोजत नाहीत. शंभर नगांचे वजन करून एका नगाचे वजन काढतात आणि एकूण वजनाला त्याने भागतात. उमेदवाराला हे दुसऱ्या दिवशीच जमले. अडचण आली ती झिंक प्लेटिंगहून (जस्ताचा मुलामा देऊन) परत आलेल्या मालात. दीड मिलिमीटर पत्र्यावर दोन्ही बाजूंना दहा-दहा मायक्रॉनचा थर बसला की नगाचे वजन सुमारे सव्वा टक्क्याने वाढते. काट्यात जुने, प्लेटिंगआधीचे वजन भरलेले असेल तर ४,९४० नग आले तरी काटा जवळजवळ ५,००० दाखवतो. चलनावरही ५,०००, सगळे जुळल्यासारखे, आणि साठ नग कमी. महिनाअखेरीला स्टॉक कमी भरतो तेव्हा बोलणी स्टोअरला बसतात. इनचार्जनी एवढेच सांगितले, "ताई, प्लेटिंगचा माल आला की शंभर नग नव्याने तोला, मग सही करा." त्या दिवसापासून उमेदवाराने भागागणिक दोन वजनांचा तक्ता केला, एक प्लेटिंगआधीचे आणि एक नंतरचे, आणि तो काट्याशेजारी चिकटवला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत पदवीबद्दल कोणी विचारले नाही. या तक्त्याबद्दल विचारले.

रोजची एक ओळ वहीत लिहायची, हेही पहिल्या दिवसापासून ठेवले होते: तारीख, काय केले, किती जीआरएन, कोणाची सही. योजनेचे प्रमाणपत्र प्रशिक्षण पूर्ण झाले एवढेच सांगते. सातपूर-अंबडचा लघुउद्योजक मात्र विचारतो, "येतं काय?" वहीच्या आधारे नवव्या महिन्यात कारखान्याच्या लेटरहेडवर कामांची यादी असलेले पत्र मागितले. हे पत्र शेवटच्या दिवशी मागू नये. तोवर इनचार्ज बदललेला असू शकतो, आणि निघालेल्या माणसासाठी कोणी टंकायला बसत नाही.

मध्ये एक अवघड टप्पा आला. सहा महिने संपले तेव्हा मुदतवाढीची चर्चा होती, पण आदेश हातात नव्हता. शहरातल्या अनेक प्रशिक्षणार्थ्यांनी त्या काळात ठिकाण सोडले आणि पुन्हा परत जाणे अवघड झाले. इथे कारखान्याने उमेदवाराला आदेश येईपर्यंत अर्धवेळ, स्वतःच्या खर्चाने ठेवले. हे नियमात बसवण्यापेक्षा इनचार्जच्या आग्रहाने घडले, हे मान्य करायला हवे. असा आग्रह धरणारा माणूस सगळीकडे नसतो.

नोकरी कुठे लागली

ज्या कारखान्यात प्रशिक्षण झाले तिथे नाही. स्टोअरमध्ये जागा निघाली नाही आणि मालकाने ते आठव्या महिन्यातच स्पष्ट सांगितले. स्पष्ट सांगितले हे बरे झाले, तीन महिने हातात राहिले. इनचार्जनी त्याच लेनमधल्या ३१ माणसांच्या एका युनिटला फोन केला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशिक्षण संपल्यावर सप्टेंबरपासून उमेदवार तिथे स्टोअर असिस्टंट म्हणून १४,००० रुपयांवर लागल्या.

इथे दुसरी सरकारी योजना कामाला आली. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार होणाऱ्या नोकऱ्यांसाठी आहे. प्रथमच पीएफमध्ये येणाऱ्या कर्मचाऱ्याला एका महिन्याच्या पीएफ वेतनाइतकी, कमाल १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या सलग नोकरीनंतर, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर. कार्य प्रशिक्षणात पीएफ नसतो आणि शिकवणीवर्गातही नव्हता, त्यामुळे तेहतिशी उलटलेली ही बाई नियमाने "प्रथमच नोकरी करणारी" ठरली. पूर्वी कुठेतरी दोन महिने का होईना पीएफ कापला गेलेला उमेदवार या हप्त्यांना मुकतो. जुना यूएएन आहे का, हे म्हणून आधी तपासून घ्यावे.

मालकाला वाढीव माणसामागे प्रोत्साहन आहे. १०,००० च्या वर २०,००० पर्यंत पीएफ वेतन असेल तर महिन्याला २,००० रुपये, दोन वर्षे, आणि उत्पादन उद्योगाला चार वर्षे. अट अशी की ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि ५० वा त्याहून अधिक असलेल्यांनी किमान पाच माणसे वाढवली पाहिजेत आणि ती सहा महिने टिकली पाहिजेत. ६४ माणसांच्या कारखान्याला एका बाईसाठी यातला एक पैसाही मिळाला नसता. ३१ माणसांच्या युनिटने त्याच महिन्यात एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) ऑपरेटर घेतला होता. उमेदवार दुसऱ्या ठरल्या आणि अट पूर्ण झाली. मालकाचा हिशेब असा: पगार १४,०००, पीएफचे १३ टक्के म्हणजे १,८२०, ईएसआयचे (राज्य कामगार विम्याचे) सव्वातीन टक्के म्हणजे ४५५, एकूण १६,२७५. त्यातून २,००० परत आले की १४,२७५. मुलाखतीला जाताना हा हिशेब कागदावर लिहून नेला होता आणि तो मालकाच्या लेखापालासमोर ठेवला. लहान युनिटच्या मालकांना ही योजना ऐकून ठाऊक असते, पण आपण तिच्यात बसतो का हे त्यांनी मांडून पाहिलेले नसते.

हातात येणारी रक्कम मात्र आधीच सांगून ठेवली होती. १४,००० तून पीएफ १,६८० आणि ईएसआय १०५ गेले की १२,२१५ उरतात. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. विद्यावेतनापेक्षा वाढ फक्त २,२१५ ची. हे आधी कळले नाही तर पहिल्या पगाराला घरात नाराजी होते, आणि "एवढ्यासाठी का जायचे" हा प्रश्न बाईलाच ऐकावा लागतो. पीएफचे आपले १,६८० आणि मालकाच्या वाट्यातला काही भाग आपल्याच नावावर साठतो, हे पतीलाही समोर बसवून दाखवले.

यूएएन उमंग ॲपवर चेहरा पडताळणी करून काढला. नाव आधारप्रमाणे असल्याने पहिल्या खेपेत निघाला. ईएसआयच्या नोंदणीत दोन्ही मुलांची नावे, आधार क्रमांक आणि घराजवळचा दवाखाना भरून ई-पहचान कार्ड छापून घेतले. हे काम लेखापालावर सोडले की कुटुंबाचा रकाना रिकामा राहतो, आणि सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात मूल घेऊन गेल्यावर नाव नसल्याचे कळते.